कुठून मोजलंस? 'एपॉक' या शब्दाची गोष्ट: नांदगाव ते युनिक्स

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. एका ग्रहणकारी द्वैती ताऱ्यावर काम चालू होतं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, आळीपाळीने एकमेकांना झाकतात आणि त्यामुळे आपल्याला दिसणारा प्रकाश ठरावीक वेळाने कमी होतो. माझ्या ताऱ्याचा आवर्तकाल साधारण आठ तासांचा होता. एका आवर्तनात प्रकाश दोनदा कमी होतो, एकदा जास्त आणि एकदा थोडा कमी. माझ्याकडे दोन ठिकाणची निरीक्षणं होती, एक जुनी आणि एक नवी. ती एका आलेखावर मांडली तर काय दिसलं? जुन्या निरीक्षणांत जिथे खोल खड्डा होता, तिथे नव्यात उथळ होता आणि उथळच्या जागी खोल!

मला वाटलं, सापडलं काहीतरी. अशा ताऱ्यांवर सौरडागांसारखे मोठे डाग असतात, ते सरकले तर खड्ड्यांची खोली खरंच बदलते. पंधरा दिवस त्यावर संदर्भ वाचले, स्लाइड्स केल्या. सेमिनारच्या आदल्या दिवशी गाइडनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "कुठून मोजलंस?"

दोन्ही फाइलींत वेळेचा रकाना पाच आकडी होता. दोन्ही दिवसांतच होते. पण एक ज्युलियन दिनांकातून २४,००,००० वजा करून लिहिला होता आणि दुसरा २४,००,०००.५ वजा करून. फरक अर्ध्या दिवसाचा. बारा तास म्हणजे आठ तासांची दीड आवर्तनं. दीड आवर्तन सरकलं की खोल खड्डा उथळाच्या जागी जाऊन बसतो. डाग ताऱ्यावर नव्हता, माझ्या कोडमध्ये होता.

त्या रात्री मी 'एपॉक' हा शब्द नीट शोधायला बसलो. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल, मग विषय कुठलाही असो, हा शब्द कधी ना कधी भेटणारच. आणि तो प्रत्येक खोलीत वेगळा अर्थ घेऊन बसलेला असतो. त्याचा इतिहास शोधताना मी पोचलो आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात, म्हणून हा लेख.

एक शब्द, अनेक अर्थ

मूळ ग्रीक शब्द 'एपोखे'. अर्थ: थांबणं, रोखून धरणं. आकाशातल्या वस्तू तर सतत हलतात. मग गणित करायचं तर त्यांना एका क्षणी मनातल्या मनात थांबवावं लागतं: अमुक क्षणी चंद्र अमुक ठिकाणी होता. त्यानंतरचं सगळं तिथून पुढे मोजायचं. टॉलेमीने आपल्या ग्रहगणितासाठी असा क्षण धरला तो बाबिलोनचा राजा नाबोनासर याच्या काळातला, २६ फेब्रुवारी इ.स.पूर्व ७४७.

आजच्या खगोलशास्त्रात एपॉक म्हणजे तो क्षण, ज्या क्षणासाठी ताऱ्याचं स्थान किंवा ग्रहाच्या कक्षेचे आकडे दिलेले आहेत. सध्याचा प्रमाण एपॉक 'जे २०००.०' आहे, म्हणजे १ जानेवारी २००० ची दुपार. तीही घड्याळातल्या बाराची नाही, यूटीसीत बघितलं तर ११ वाजून ५८ मिनिटं ५५.८१६ सेकंद, कारण खगोलशास्त्राची कालमापनाची पट्टी वेगळी आहे.

प्रोग्रामिंगमध्ये एपॉक म्हणजे मोजणीचा शून्य. युनिक्स यंत्रणेत १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, यूटीसी. तिथून पुढे सेकंद मोजायचे. पायथनमध्ये वेळ विचारली की जो लांबलचक आकडा येतो तो हाच.

मशीन लर्निंगवाल्यांचा एपॉक तर तिसराच. प्रशिक्षणाचा सगळा डेटा मॉडेलला एकदा दाखवून झाला की एक एपॉक. म्हणजे क्षण नाहीच, फेरी. गंमत म्हणजे बदलत्या ताऱ्यांचा अभ्यास करणारे लोकही 'कितवं आवर्तन' या आकड्याला एपॉक म्हणतात आणि ज्या क्षणापासून आवर्तनं मोजली त्या क्षणालाही एपॉकच म्हणतात! एकाच सूत्रात दोनदा, दोन अर्थांनी. मी फसलो त्याचं फार नवल वाटून घेऊ नका.

नांदगावचा गणेश दैवज्ञ

मी धाटावचा. आमच्याकडून रोहा गाठायचं, रोह्याहून मुरूड, आणि मुरूडहून किनाऱ्याने काशीदकडे निघालं की वाटेत नांदगाव लागतं. सिद्धिविनायकाच्या देवळासाठी लोकांना माहीत असलेलं गाव. लहानपणी दोन-तीनदा गेलो असेन. पण तिथे बसून एका माणसाने पुढची काही शतकं महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरातमधल्या पंचांगांना पुरलेलं गणित लिहिलं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पीएचडीला आल्यावर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं. दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत लिहिला, नंतर त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली. दीक्षितही मुरूडचेच, पण दापोलीजवळच्या मुरूडचे. दोन मुरूडांचा घोळ करू नका.

नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ. गणेशाचा ग्रंथ 'ग्रहलाघव', शके १४४२ चा, म्हणजे इ.स. १५२०. लाघव म्हणजे हलकेपणा, सोपेपणा. नावातच हेतू आहे.

आता थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे ग्रहगणिताच्या ग्रंथांचे तीन प्रकार मानतात, आणि ते मोजणी कुठून सुरू होते यावरूनच. कल्पारंभापासून मोजतो तो सिद्धांत, युगारंभापासून मोजतो ते तंत्र आणि जवळच्या एखाद्या शकापासून मोजतं ते करण. आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस झाले, त्या संख्येला अहर्गण म्हणतात. दिवसांचा गण.

आकडे बघा. भास्कराचार्यांच्या पद्धतीने कल्पारंभापासून मोजलं तर अहर्गण बारा आकडी येतो. कलियुगारंभ, म्हणजे १८ फेब्रुवारी इ.स.पूर्व ३१०२ पासून मोजलं तर शके १४४२ च्या आरंभी १६,८७,८५० दिवस होतात. या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणायचं, भागायचं, तेही हाताने, धूळपाटीवर किंवा तोंडी. प्रत्येक ग्रहासाठी, प्रत्येक दिवसासाठी. एक आकडा चुकला की अख्खं पंचांग चुकलं.

गणेशाने दोन गोष्टी केल्या. पहिली, आरंभ जवळ आणला: शके १४४२, चैत्र शुद्ध प्रतिपदा, १९ मार्च १५२० (ज्युलियन), सोमवार. दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. त्याने अहर्गण वाढूच दिला नाही. ११ वर्षांचं एक चक्र केलं. ११ वर्षांत चांद्रमास येतात १३६, आणि १३६ चांद्रमासांचे दिवस होतात ४०१६ आणि वर साधारण एक षष्ठांश दिवस. चक्र पूर्ण झालं की अहर्गण परत शून्यापासून. किती चक्रं झाली ते वेगळं लिहून ठेवायचं. त्यामुळे मोठ्या गुणाकारात येणारी संख्या कायम चार आकडी किंवा त्याहून लहान राहते.

करून बघू

नुसतं वाचून हे कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. म्हणून शके १९४७ चा गुढीपाडवा घेऊ.

१९४७ मधून १४४२ वजा करा: ५०५. याला ११ ने भागा. भागाकार ४५, बाकी १०. म्हणजे ४५ चक्रं झाली. बाकीला १२ ने गुणून १२० महिने. चैत्रानंतर गेलेले महिने शून्य. आता अधिकमास. चक्रांची दुप्पट ९०, त्यात १० आणि हे १२० मिळवून २२०. ३३ ने भागून पूर्णांक ६. एकूण १२६ महिने. याला ३० ने गुणलं की ३७८० तिथी. गेलेल्या तिथी शून्य. चक्रांचा सहावा भाग, ७, मिळवा (मघाचा तो षष्ठांश दिवस इथे भरून काढला): ३७८७. याला ६४ ने भागून आलेल्या ५९ क्षयतिथी वजा करा. अहर्गण ३७२८.

आता तपासणी. ४०१६ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते. म्हणून चक्रांची पाचपट, २२५, अहर्गणात मिळवायची: ३९५३. ७ ने भागून बाकी ५. सोमवार शून्य धरला तर ५ म्हणजे शनिवार. पण तो पाडवा होता ३० मार्च २०२५ ला, रविवारी!

चुकलं का? नाही. या गणितात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो हे करणकारांना माहीत होतं. वार जुळत नसेल तर एक मिळवायचा किंवा वजा करायचा, ही पद्धतच आहे. एक मिळवला, ३७२९. मी आधुनिक ज्युलियन दिनांक वजा करून ताडून पाहिलं: १५२० च्या त्या सोमवारपासून ३० मार्च २०२५ पर्यंत १,८४,४४९ दिवस. आणि ४५ गुणिले ४०१६ अधिक ३७२९ बरोबर १,८४,४४९. तंतोतंत.

वार ही इथे चूक पकडणारी खूण आहे. आज आपण डेटा पाठवताना चेकसम लावतो, तोच विचार. पाचशे वर्षं जुन्या सूत्राने एक दिवस चुकवला आणि त्याच पद्धतीने तो पकडलाही.

तीच युक्ती, तोच धोका

आता संगणकाकडे येऊ. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक उडाला. त्याची कक्षा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन खगोल वेधशाळेत आयबीएम ७०४ या संगणकावर मोजत होते. ज्युलियन दिनांक तेव्हा चोवीस लाखांच्या पुढे होता, कारण त्याची मोजणी इ.स.पूर्व ४७१३ पासून होते. संगणकाची जागा मोजकी. मग त्यांनी २४,००,०००.५ वजा करून टाकले. यातून 'सुधारित ज्युलियन दिनांक' आला, ज्याचा शून्य १७ नोव्हेंबर १८५८ आहे. पुढे व्हीएमएस या संगणक यंत्रणेनेही तीच तारीख आपला शून्य म्हणून घेतली. गणेशाची आणि स्मिथसोनियनची अडचण एकच होती: आकडा फार मोठा आहे, हाताला किंवा यंत्राला झेपत नाही.

तो पॉइंट पाच कशाला, हा माझा प्रश्न होता. उत्तर मला बाबांच्या नोकरीत सापडलं. बाबा धाटाव एमआयडीसीत ऑपरेटर होते. त्यांच्या कंपनीच्या लॉगबुकात दिवस सकाळी ७ ला सुरू व्हायचा. रात्रपाळीत पहाटे तीनला काही झालं तर नोंद आदल्या तारखेखाली, कारण पाळी आदल्या दिवसाची. एका पाळीच्या मधोमध तारीख बदलली तर हिशेब तुटतो. खगोलशास्त्रज्ञही रात्रपाळीचेच कामगार! म्हणून ज्युलियन दिवस दुपारी बाराला सुरू होतो, युरोपातली अख्खी रात्र एका तारखेत मावते. सुधारित दिनांकाने मात्र दिवस मध्यरात्रीवर आणला. त्या अर्ध्या दिवसाने माझे पंधरा दिवस खाल्ले.

युनिक्सची गोष्ट याच वळणाची. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जायची, आरंभ १ जानेवारी १९७१. ३२ बिटांची जागा त्या वेगाने सव्वादोन वर्षांत भरते. म्हणून पुढे सेकंद मोजायचं ठरलं आणि आरंभ १९७० झाला. तरी चिन्हासकट ३२ बिटांत मावतात २,१४,७४,८३,६४७ सेकंद. ते संपतात १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला जुनी यंत्रणा डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. बहुतेक यंत्रणा आता ६४ बिटांवर गेल्यात, पण यंत्रांत बसवलेले जुने कंट्रोलर सगळे बदलले जातातच असं नाही.

जीपीएस तर थेट चक्रच चालवतं. त्याचा आरंभ ६ जानेवारी १९८०. आठवड्यांचा आकडा मूळ संदेशात १० बिटांचा, म्हणून १०२४ आठवडे झाले की परत शून्य. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये हे घडलं, आणि काही जुने रिसीव्हर १०२४ आठवडे मागची तारीख दाखवू लागले. फरक कुठे आहे बघा. गणेशाने बाकी वापरली, पण भागाकार, म्हणजे चक्रांची संख्या, गणितातच ठेवली. जीपीएसच्या मूळ संदेशात फक्त बाकी येते. चक्र कितवं हे ज्याने त्याने लक्षात ठेवायचं.

मग अर्थातला फरक कोणता?

इथपर्यंत वाचून वाटेल की दोन्हीकडे एकच अर्थ आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही, आणि संशोधनाला बसणाऱ्याने हा फरक पक्का करायला हवा.

ग्रहलाघवात आरंभाच्या तारखेबरोबर प्रत्येक ग्रहाचा 'क्षेपक' दिलेला असतो, म्हणजे त्या क्षणी ग्रह कुठे होता. रवीचा क्षेपक ११ राशी, १९ अंश, ४१ कला. शिवाय 'ध्रुव' असतो, एका चक्रात पडणारा फरक. रवी ४०१६ दिवसांत ११ पूर्ण प्रदक्षिणांना १ अंश ४९ कला ११ विकला कमी पडतो. म्हणजे खगोलशास्त्रात एपॉक ही नुसती तारीख नाही, त्या क्षणीची आकाशाची स्थिती तिला चिकटलेली असते. तिथून जितकं लांब जाल तितकी गतीतली बारीक चूक साचत जाते. म्हणून एपॉक अधूनमधून नवा करावा लागतो. केशव दैवज्ञांनी वेध घेऊन ग्रहस्थिती तपासल्या, गणेशाने नवे क्षेपक घेतले. आपण १९५० चा एपॉक सोडून २००० चा घेतला, कारण तेच.

प्रोग्रामिंगच्या एपॉकला अशी स्थिती चिकटलेली नसते. १ जानेवारी १९७० ला कुठला ग्रह कुठे होता याच्याशी युनिक्सला देणंघेणं नाही. तो फक्त शून्य आहे. तिथे चूक साचत नाही, जागा संपते. आणि तो शून्य हलवायचा नसतो, कारण तो हलवला तर आधी लिहिलेली प्रत्येक फाइल खोटी होते.

अजून एक बारकावा. ग्रहलाघवात आरंभ दोन आहेत. ग्रहांसाठी शके १४४२, पण अयनांशांसाठी शके ४४४, तिथून वर्षाला एक कला. म्हणजे ग्रह कधीचे, आणि ज्या रेषेपासून मोजले ती रेषा कधीची, हे दोन वेगळे प्रश्न. आजही तारकासूचीत हेच दोन प्रश्न असतात: स्थान कुठल्या क्षणाचं आणि निर्देशकं कुठल्या संपाताची. संपात वर्षाला सुमारे ५०.३ विकला सरकतो. १९५० आणि २००० ची गल्लत केली तर फरक ४२ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाहून मोठा. दुर्बीण चक्क भलतीकडे बघत बसेल.

तुमच्यासाठी

माझा विषय खगोलशास्त्र नाही, असं म्हणू नका. एक्सेलमध्ये तारखा असतीलच ना? एक्सेलच्या दोन तारीखपद्धती आहेत, १९०० ची आणि १९०४ ची, आणि दोघींत १४६२ दिवसांचा फरक आहे. शिवाय पहिलीत २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न आलेली तारीख जुन्या लोटस १-२-३ शी जुळावं म्हणून अजून बसलेली आहे. इतिहासवाल्यांनाही सुटका नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक शक सुरू झाला. पत्रावर नुसतं वर्ष असेल तर ते शालिवाहन शकाचं, राज्याभिषेक शकाचं, की फसलीचं, हे आधी ठरवावं लागतं. तोही एपॉकचाच प्रश्न.

म्हणून आता कुठलीही फाइल उघडली की मी वहीत चार ओळी लिहितो. शून्य कुठे आहे? एकक कोणतं, दिवस की सेकंद? दिवस कधी सुरू होतो? आणि त्या शून्याला एखादी स्थिती चिकटलेली आहे का? उत्तर फाइलीत नसेल तर डेटा देणाऱ्याला मेल करतो. लाज वाटत नाही. मग एक ओळखीची तारीख घालून वार तपासतो, गणेशासारखाच.

सेमिनार त्या दिवशी झाला. डागांच्या स्लाइड्स काढून टाकल्या आणि चूक कशी झाली तेच सांगितलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतला एक ज्युनिअर लॅपटॉप उघडून काहीतरी बघत होता. संपल्यावर आला आणि म्हणाला, "दादा, माझ्या फाइलीत पण पाच आकडीच आहे. कुठून मोजलंय ते लिहिलेलंच नाही."